डी-डायमर वाढला, म्हणजे काय समजायचे?

रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर कुणीतरी पिशवीतून रिपोर्ट काढतेच. मागे एका ताईंनी वडिलांचा कागद पुढे केला. वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, उपचार मुंबईत चालू. कागदावर ‘डी-डायमर’ आणि त्यापुढे ठळक अक्षरात मोठा आकडा. मुलाने मोबाईलवर शोधले होते. ‘हा वाढला की माणूस फार दिवस काढत नाही’ एवढेच घरात पोचले, आणि आजोबांना पुढच्या केमोला न्यायचे की नाही यावर वाद सुरू झाला.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ असते. तिथली गाठ लवकर कळत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली इथे उपचार झाले. 2018 च्या फेब्रुवारीत आजारपण सुरू झाले आणि 17 मार्च 2019 ला ते गेले. आजार किती कठीण आहे ते यावरून कळावे.

आता तो आकडा. बोट कापले की रक्त गोठते, म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते. काम झाले की शरीर ती विरघळवते. त्या विरघळलेल्या जाळीचे तुकडे म्हणजे डी-डायमर. जखम झाली की गोठण्याची सुरुवात करून देणारा ‘टिश्यू फॅक्टर’ हा पदार्थ स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी स्वतःच बाळगतात. म्हणून जखम नसतानाही आत गुठळ्या होत राहतात. 1865 मध्ये पॅरिसचे डॉक्टर त्रुसो यांनी कॅन्सर आणि शिरेतल्या गुठळीचा संबंध सांगितला होता. पुढे त्यांच्या स्वतःच्या हाताच्या शिरेत गुठळी झाली, आणि 1867 मध्ये ते पोटातल्या कॅन्सरनेच वारले.

रोग जास्त पसरलेला असेल तर गोठण्याची ही गडबडही सहसा जास्त असते. डी-डायमर आणि फायब्रिनोजेन खूप वाढलेले रुग्ण सरासरीने कमी महिने जगतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण सरासरी ही शेकडो रुग्णांची असते, एका आजोबांची नव्हे. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, ऑपरेशन, नुसते वय यांनीही हा आकडा चढतो. कोरोनात तो घरोघरी ऐकला होता. केमो द्यायची की नाही हे डॉक्टर सीटी स्कॅन आणि रुग्णाची ताकद पाहून ठरवतात. एकट्या डी-डायमरवरून केमो बंद करायची नसते. आणि ज्याला कॅन्सर नाही त्याचा डी-डायमर वाढला, तर कॅन्सरच आहे असेही नाही.

आकड्यापेक्षा धोका खऱ्या गुठळीचा. ती बहुधा पायाच्या शिरेत होते आणि सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. भारतीय वंशाचे डॉ. आलोक खोराना यांनी 2008 मध्ये हा धोका मोजायची साधी पद्धत दिली. तीत स्वादुपिंडाच्या कॅन्सरलाच 2 गुण आहेत. केमोआधी प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर आणखी 1. गंमत अशी की साडेतीन लाख हा आकडा आपल्या लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणूनच छापलेला असतो. तेव्हा गुठळी न होण्याचे औषध लागेल का, हे केमोच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने ते घेऊ नका. या रोगात पित्ताची नळी दबून कावीळ होते, तेव्हा के जीवनसत्त्व अंगी लागत नाही, आयएनआर वाढतो आणि उलट रक्तस्राव होऊ शकतो. एकाच माणसात दोन्ही धोके असतात. कावीळ उतरवायला झाडपाल्याचे औषध देण्यात या रुग्णाचे दिवस फुकट जातात.

खर्डीहून दादर गाठायला लोकलमध्ये दोन तासांच्या आसपास बसून राहावे लागते. गाडीत रुग्णाला अधूनमधून उभे करा, घोटे हलवायला सांगा, पाणी पाजा.

मी ताईंना विचारले, आजोबांचे पाय कसे आहेत? डावी पोटरी चार दिवस सुजलेली होती आणि घरचे रोज रात्री कोमट तेलाने चोळत होते. बायांनो, बाप्यांनो, कॅन्सरच्या रुग्णाचा एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळू नका, शेकू नका. चोळल्याने गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, पायाची डॉप्लर सोनोग्राफी करायची का ते विचारा. एकदम दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले तर वाट न बघता 108 ला फोन करा. कॅन्सरची फाईल सोबत न्या, चालू औषधांच्या चिठ्ठीसकट.

आजोबांच्या पोटरीत गुठळीच निघाली. पोटाच्या कातडीत टोचायचे हेपॅरिनचे इंजेक्शन सुरू झाले. ताई आता ते स्वतः देतात. कॅन्सर आहे तिथेच आहे. पण पायाची सूज उतरली, आणि पुढच्या केमोला आजोबा स्टेशनचा जिना चढून गेले.