नेम : लक्ष्याचा व नियमाचा

मराठींत ‘नेम’ ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : बंदुकीचा नेम व व्रताचा नेम. गोळी लागेल काय, हा मृगयेंतील पहिला प्रश्न. ती झाडावी काय, हा दुसरा. शिकारीचे जुने कागद वाचतांना ह्या दुसऱ्या प्रश्नाचें विस्मरण होऊं नये, एवढ्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

शीव कोळीवाड्याचें नांवच येथें सूचक आहे. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट येथें संपे व खाडीपलीकडे साष्टी लागे. त्या साष्टींत सन १९२९ मध्यें वाघ मारल्याची नोंद आहे. गांवास जशी शीव, तशी शस्त्रासही असते. ती कोठें आहे हें आपले ग्रंथ सांगतात.

दशरथानें घागरीच्या शब्दावर बाण सोडला आणि श्रावण मेला. म्हणून लक्ष्य डोळ्यांनीं ओळखल्यावांचून शस्त्र सोडूं नये. पंडूनें मृगरूप किंदम ऋषीस रतिकाळीं मारून शाप घेतला. म्हणून वेळ पाहावी. शाकुंतलाच्या आरंभीं तापस दुष्यंताचा बाण आश्रममृगावरून परतवितात. म्हणून स्थळ पाहावें. कौटिल्य मृगयेस व्यसनांत गणतो, तरी चल व स्थिर लक्ष्याचा अभ्यास आणि पशूंच्या भयक्रोधाचें ज्ञान हे तिचे गुणही सांगतो.

तोड्याची बंदूक पुन्हां भरण्यास वेळ लागे. त्यामुळें शिकाऱ्यास जवळ जाऊन संधीची वाट पाहावी लागे. रायफलीच्या नळींतील पेचदार खांचांनीं गोळीस फिरकी मिळून ती दूरवर अचूक जाऊं लागली. साधन सुधारलें, तसा मोहही वाढला. जाणत्या शिकाऱ्यांचा परिपाठ असा कीं, जनावर आडवें व स्थिर उभें असतां पुढच्या पायाच्या लगत मागें, छातीच्या खालच्या भागीं नेम धरावा; तेथें हृदय व फुप्फुसें असल्यानें मरण लवकर येतें. पाठमोऱ्या, धांवत्या किंवा झुडपाआड अर्धवट दिसणाऱ्या जनावरावर बार करूं नये. डोक्याचा नेम मोहक खरा, परंतु गोळी किंचित् ढळली कीं जबडा फुटतो व प्राणी उपासमारीनें मरतो. जनावराच्या मागें माणूस वा गुरें नाहींत, हेंही पाहावें. जखमी जनावराचा माग काढून त्याच्या यातना संपविणें, हें तर बार करणाऱ्याचें ऋणच होय.

हें ऋण चुकविलें नाहीं तर काय होतें? सन १९०७ मध्यें जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंत चंपावतची वाघीण मारली. तिच्या नांवावर ४३६ मनुष्यबळी होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे पूर्वीच्या एका गोळीनें मोडले होते. त्यामुळेंच तिला नित्याचें भक्ष्य मारतां येईना, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष आहे. तो खरा मानल्यास, एका चुकलेल्या नेमाचें मोल शेंकडों घरांनीं दिलें.

सन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील सन १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौशी शिकार बंद झाली. कागद मात्र उरले आहेत. त्यांत मारलेल्या जनावरांची गणती ठळक असते, जखमी होऊन निसटलेल्यांची क्वचित्. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, शिकारीचा एखादा हिशेब किंवा पत्र हातीं आल्यास किती बार झाडले व किती जनावरें हातीं लागलीं, हे दोन्ही आंकडे उतरून घ्यावे. त्यांच्या अंतरांतच त्या काळचा नेम दिसेल.