पंख आधी, तोंड मग

पहाटे ५.३०

ऑक्टोबरातही आंबोलीत पहाटे धुकं उतरतं. हिरण्यकेशीच्या काठी विद्यार्थी आणि मी टॉर्चच्या उजेडात दगड तपासतो आहोत. पहिल्या तासात जाळ्या पिशवीतच ठेवायच्या, फक्त बघायचं, असा माझा नियम आहे. वनखात्याच्या परवानगीत लिहिलेत तेवढेच नमुने आपल्याला घेता येतात. बघण्यावर मात्र कसलीच मर्यादा नाही.

एका ओल्या दगडावर मेफ्लाय बसली आहे. पंख पाठीवर उभे मिटलेले, पण धुरकट, आणि कडेला बारीक केसांची झालर. थोडा वेळ थांबलो. मग तिच्या पाठीवर चीर पडली आणि आतून तीच मेफ्लाय पुन्हा बाहेर आली, या वेळी स्वच्छ पारदर्शक पंखांची. मागे राहिली ती कात, पंखांच्या पातळ पापुद्र्यासकट. उडण्याजोगे पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा आजच्या कीटकांतला हा एकच गण. बाकी सगळ्यांची वाढ पंख आले की संपते. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, तिला जोडीदार शोधून अंडी घालायची आहेत. खाण्याचा प्रश्नच नाही, कारण तिचं तोंड निकामी झालेलं असतं.

शेजारच्या गवताच्या काडीला चतुराची रिकामी कात चिकटलेली. पाण्यातलं सगळं बालपण या कातीत वाचता येतं. डोक्याखाली दुमडलेला ओठ आहे, तो झटक्यात पुढे फेकून हा प्राणी डासांच्या अळ्या पकडत होता. मेफ्लाय काय, चतुर काय किंवा टाचणी काय, यांपैकी कोणालाही पंखांची घडी घालून ते पोटावर आडवे टाकता येत नाहीत. उघडे ठेवायचे किंवा पाठीवर उभे मिटायचे, एवढंच. पंखांची ही जुनी तऱ्हा. फ्रान्समध्ये कॉमेंत्रीच्या कोळसा खाणीत सापडलेला मेगान्युरा हा चतुरांचा ३० कोटी वर्षांपूर्वीचा नातलग. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ६५ सेंटिमीटर भरतात. पुढे पंखाच्या मुळाशी घडी घालण्याची सोय झाली आणि कीटकांना सालीखाली, पाचोळ्यात, दगडांच्या फटीत शिरता येऊ लागलं. उडणं मोठं खरंच, पण उडून आल्यावर लपता येणं मला त्याहून मोठं वाटतं. आज दिसणारे बहुतेक कीटक या घडीवाल्यांचे वंशज आहेत.

सकाळी ९

सड्यावर गवत वाळायला लागलंय. जाळी चार वेळा फिरवली की नाकतोड्यांनी भरते. एका विद्यार्थिनीच्या चिमटीत हिरवा, लांब मिशांचा कीटक आहे. भिंगातून त्याच्या पुढच्या पायाच्या नळीवर, गुडघ्याच्या किंचित खाली, एक लांबट चीर दिसते. तो त्याचा कान. रातकिड्याचाही कान तिथेच असतो. आखूड मिशांच्या नाकतोड्याचा मात्र पोटाच्या पहिल्या खंडावर, पंखाखाली. गण एकच, कान दोन ठिकाणी.

प्रार्थनाकीटक दिसला की मुलं त्यालाही नाकतोड्यांच्या यादीत घालतात. त्याचं जवळचं नातं आहे झुरळाशी; दोघंही अंडी कोशात बंद करून घालतात. वाळवीला तर पूर्वी स्वतंत्र गण होता. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून ती झुरळांच्याच घराण्यातली ठरली. लाकूड खाणारी काही झुरळं अजूनही आहेत आणि लाकूड पचवणारे जे सूक्ष्मजीव त्यांच्या आतड्यात सापडतात, त्यांचेच भाईबंद वाळवीच्या आतड्यातही आहेत. वाळवी म्हणजे वसाहत करून राहणारं झुरळ, असं सांगितलं की विद्यार्थी आधी नाक मुरडतात, मग प्रश्न विचारायला लागतात.

सकाळी ११.३०

वाटेवरच्या भातशेतात एका काकांनी हाक मारली. "मॅडम, हो कसलो किडो? औषध कुठला मारू?"

दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मी हेच मानते. शेतात एके ठिकाणी गोल चट्टा वाळून करपलेला आहे. दुसरीकडे लोंब्या पांढऱ्या पडून सरळ उभ्या, दाणा नाही. काकांच्या लेखी दोन्ही एकच कीड. मी करपलेल्या चट्ट्याच्या कडेचा चूड बाजूला सारला. बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी तुडतुड्यांची दाटी. त्यांची सुईसारखी सोंड खोडात रुतलेली असते आणि ते रस ओढतात. पिल्लं आईबापांसारखीच दिसतात, फक्त पंख नसतात. म्हणजे लहान-मोठे सगळे एकाच जागी, एकाच वेळी, एकच रस पितात. मग पांढरी लोंबी ओढली, ती अलगद हातात आली. कोकणात हिला पळींज म्हणतात. खोड उभं चिरलं तर आत पिवळसर अळी. ती कुरतडून खाते, खोडातच कोशात जाते आणि पतंग होऊन बाहेर पडते.

"काका, हे दोन वेगळे किडे. एक पितो, एक खातो."

तुडतुड्यांसाठी शेतातलं पाणी काही दिवस काढून टाकायचं आणि पुढच्या हंगामात युरिया बेताने द्यायचा. वरवर मारलेलं औषध बुंध्यापर्यंत पोचतच नाही. मरतात ते वर फिरणारे कोळी आणि मिरिड ढेकूण. हा मिरिड तुडतुड्यांची अंडी शोषतो, तीही तशाच सोंडेने, कारण दोघं एकाच गणातले. शत्रू आणि राखणदार दोघांकडे हत्यार एकच, म्हणून नुसता गण ओळखून भागत नाही; पण त्याच्याशिवाय सुरुवातच होत नाही. खोडकिड्यासाठी कापणी जमिनीलगत करायची, कारण अळ्या धसकटांत राहतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंग मागून स्वतः एक तुडतुडा पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला.

दुपारी ३

खोलीत सूक्ष्मदर्शक. भुंग्याचे पुढचे पंख कडक, कवचासारखे, आणि त्यांच्याखाली उडायचे पंख घडी घातलेले. नोंद झालेल्या सुमारे १० लाख कीटकजातींपैकी जवळजवळ ४ लाख एकट्या भुंग्यांच्या गणात आहेत. माशीला दोनच पंख. मागच्या जोडीच्या जागी गदेसारखे दोन इवले समतोलक, उडताना तोल कळावा म्हणून. गांधीलमाशीच्या मागच्या पंखाच्या कडेला आकड्यांची रांग असते, ती पुढच्या पंखात अडकते आणि दोन्ही पंख एकदम हलतात.

हे तिन्ही आणि फुलपाखरं मिळून अळी-कोश-प्रौढ अशा पायऱ्यांनी वाढणाऱ्यांच्या घराण्यात येतात. कीटकांच्या दर दहा जातींपैकी आठांहून जास्त याच घराण्यातल्या. अळी आणि तिचे आईबाप एका ताटात जेवत नाहीत. अळी पानावर, फुलपाखरू फुलावर. या घराण्याच्या यशामागे मला तरी हेच मोठं कारण दिसतं.

लिनियसने १७५८ साली कीटकांचे सात गण केले, मुख्यतः पंख बघून. बिनपंखांच्या गणात मग पिसू, ऊ, कोळी, खेकडे सगळे एकत्र कोंबले गेले. २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर जनुकं तपासून झालेल्या अभ्यासाने कीटकांचा उगम सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि पंखांचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. जुन्या पुस्तकांना लागलेली कसर त्या पहिल्या, पंख येण्याआधीच्या शाखांपैकी एकीची आहे.

संध्याकाळी ७

पांढरा पडदा, त्यामागे दिवा. अर्ध्या तासात पडदा भरला. एक करडा, पंख छपरासारखे धरलेला कीटक सगळ्यांनी पतंग म्हणून लिहिला. भिंगाखाली पंखांवर खवले नाहीत, केस आहेत: कॅडिसफ्लाय. तिची अळी पाण्यात रेशीम काढून वाळूचं घर बांधते. पतंग आणि फुलपाखरांचा हा सख्खा शेजारी गण. पतंगाच्या पंखाला बोट लावलं तर बोटाला भुकटी लागते, ते खवले म्हणजे रुंद झालेले केसच.

रात्री १०.१५

पडद्याच्या खालच्या कडेला तीन मिलिमीटरचं काहीतरी फडफडत होतं. बाटलीत घेतलं. पंख दोन दिसले म्हणून विद्यार्थ्याने "माशी" लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पंख्यासारखे पसरलेले पंख मागच्या जोडीचे, आणि पुढच्या जोडीचे उरले होते नुसते गोळे. माशीच्या नेमकं उलट. डोळे तुतीच्या फळासारखे, सुट्या ठळक भिंगांचे. स्ट्रेप्सिप्टेराचा नर! १८१३ मध्ये विल्यम कर्बीने हा स्वतंत्र गण केला. त्याचं नातं कोणाशी, यावर शास्त्रज्ञ फार काळ भांडले. जनुकं आता त्याला भुंग्यांजवळ बसवतात. नर काही तासच जगतो. बहुतेक जातींत मादीला डोळे, पाय, पंख काहीच नसतं. ती दुसऱ्या कीटकाच्या अंगात राहते आणि तिचं फक्त पुढचं टोक त्याच्या पोटाच्या खंडांमधून बाहेर डोकावतं.

नमुना अल्कोहोलमध्ये गेला. लेबल लगेच लिहायचं, उद्यावर टाकायचं नाही: गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, दिव्यावर मिळाला, कोणी पकडला. एवढं नसेल तर उद्या कोणालाच त्याचा उपयोग नाही. या गणातल्या काही जाती भातावरच्या तुडतुड्यांच्या अंगात वाढतात. म्हणून उद्या सकाळी पहिलं काम काकांच्या शेतात: तुडतुड्यांची पोटं एकेक करून तपासायची.