शेवळाचा दर्प, सातविणीचा गंध

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या बाजारांत शेवळांच्या जुड्या येतात आणि त्यांच्या शेजारी काकडाची आंबट फळेही मांडलेली असतात, कारण ती घातल्यावाचून या भाजीची खाज जात नाही. सीकेपी घरांत आवडीने होणारी शेवळांची कणी ज्यांनी चाखली आहे, त्यांनाही या वनस्पतीचा खरा स्वभाव सहसा ठाऊक नसतो. शेवळ म्हणजे सुरणाच्या जातकुळीतील एका रानटी वनस्पतीचा न उमललेला फुलोरा होय. रानात तो उमलला की त्याला असा दर्प सुटतो की भाजीचा विचारही मनात येऊ नये.

हा दर्प परागीभवनासाठी असतो. सडक्या पदार्थांकडे धावणाऱ्या किड्यांना फुलोऱ्यापर्यंत आणण्याचे काम तो करतो आणि सुरणाच्या अनेक भाऊबंदांमध्ये ते मुख्यतः गंधकयुक्त संयुगांकडून होते. तथापि संयुग तयार होणे पुरेसे नसते, ते हवेत उडावेही लागते; म्हणून या कुळातील काही वनस्पतींचा फुलोरा उमलताना चक्क तापतो. ही ऊब पेटवणारे एखादे द्रव्य असावे, असा तर्क व्हॅन हर्क या संशोधकाने 1937 मध्ये मांडला होता, परंतु ते द्रव्य म्हणजे सॅलिसिलिक आम्ल हे इल्या रास्किन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये, याच कुळातील सॉरोमॅटम या वनस्पतीवर काम करून दाखवले.

सॅलिसिलिक आम्ल ज्या वर्गात मोडते, त्यातील रेणूंमध्ये सहा कार्बन अणूंचे एक स्थिर कडे असते. रसायनशास्त्र या वर्गाला ॲरोमॅटिक म्हणते, मग त्या रेणूला वास असो वा नसो. वनस्पती हे कडे ‘शिकिमेट मार्ग’ नावाच्या अभिक्रियांच्या साखळीने स्वतः घडवतात. प्राण्यांना ही कला अवगत नाही, त्यामुळे फेनिलॲलॅनिनसारखे अमिनो आम्ल माणसाला अन्नातूनच मिळवावे लागते, आणि ग्लायफोसेट हे तणनाशक नेमकी हीच साखळी तोडून तण मारते. याच फेनिलॲलॅनिनपासून लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन बनते आणि अनेक फुलांचे सुवासही. रोगाची लागण झाली की तेच सॅलिसिलिक आम्ल उरलेल्या पानांची प्रतिकारशक्ती जागवते. त्याचे उडून जाणारे रूप, म्हणजे वेदनाशामक मलमांच्या ओळखीच्या वासाचे मिथाइल सॅलिसिलेट, शेजारच्या झाडापर्यंतही इशारा पोहोचवू शकते, असे तंबाखूच्या रोपांवरील प्रयोगांत आढळले आहे.

पावसाळा सरल्यावर ठाण्याच्या रस्त्यांवर दुसऱ्याच गंधाचा अंमल सुरू होतो, तो सातविणीचा, म्हणजेच सप्तपर्णीचा. तिच्या फुलांच्या तेलात लिनॅलूल हे प्रमुख द्रव्य असते आणि ते कड्याच्या वर्गातले नाही. मात्र त्याच्या जोडीला असलेला फेनिलएथिल ॲसिटेट त्याच वर्गातला आहे, म्हणजे एकाच फुलात दोन वेगळ्या रासायनिक घराण्यांची माणसे नांदतात, असे म्हणावयास हरकत नाही. हा गंध संध्याकाळी चढतो, कारण तो निशाचर पाहुण्यांसाठी आहे. डोके दुखते, श्वास कोंडतो, अशी तक्रार रहिवासी दरवर्षी करतात आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही, पण दोष झाडापेक्षा लागवडीचा अधिक आहे. रानात इतर झाडांमध्ये विखुरलेली वाढणारी सातवीण शहराने रस्त्याच्या दुतर्फा, खिडक्यांना खेटून, ओळीने लावली आहे.