टाकीतील तेलाची उंची

रांजणात पाणी किती उरले आहे, हे झाकण काढून पाहिले की कळते. परंतु घराहून उंच आणि चोहोबाजूंनी बंद अशा पोलादी टाकीत पेट्रोल किती आहे, हे कसे बरे समजावे?

सर्वांत जुनी रीत साधी आहे. टाकीच्या माथ्यावरील झरोक्यातून खुणा केलेली पोलादी फीत खाली सोडतात. तिच्या टोकास पितळेचा ओळंबा असतो. कारण पितळ पोलादावर आपटले तरी सहसा ठिणगी उडत नाही. फीत जेथवर भिजते, तेथवर तेल. टाकीचा घेर ठाऊक असल्याने उंचीवरून तेलाचे माप काढता येते.

दुसरी रीत तरंगत्या डब्याची. तेलावर पोकळ डबा तरंगत असतो. त्याला बांधलेली तार कप्पीवरून बाहेर येते व तिच्या टोकाचा दर्शक टाकीवरील पट्टीपुढे सरकतो. गंमत अशी, की तेल वर चढले म्हणजे दर्शक खाली उतरतो!

अलीकडे रडारचा उपयोग करतात. टाकीच्या छतावरून सोडलेल्या लहरी तेलावर आदळून परततात. लागलेल्या वेळावरून मोकळ्या जागेची उंची कळते. ती एकंदर उंचीतून वजा केली, की तेलाची उंची मिळते.

एवढा खटाटोप कशासाठी? ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे एका टाकीत नळाने पेट्रोल भरले जात होते. तीनच्या सुमारास तिचे मापक अडकले. पेट्रोल चढत होते, आकडा मात्र हलत नव्हता. टाकी भरताच प्रवाह अडविण्यासाठी बसविलेली स्वतंत्र कळही निकामी होती. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल बाहेर सांडले. त्याच्या वाफेचा ढग भूमीवर पसरला आणि सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. रविवार असल्याने तेथे माणसे थोडी होती. म्हणून प्राणहानी टळली, तरी ४३ जण जखमी झाले.

टाकी भरत असताना स्थिर राहिलेला आकडा हीच खरी धोक्याची सूचना होती. यंत्र आपल्यासाठी मोजते. परंतु ते खरे मोजते आहे की नाही, हे पाहण्याचे काम मनुष्याकडेच राहते.