वॉर्सा : नव्या विटांचे जुने गाव

वॉर्साच्या जुन्या गावात शिरणाऱ्या प्रवाशाला कसलीच शंका येत नाही. चौकाभोवती पिवळी, तांबूस, हिरवट घरे एकमेकांना खेटून उभी, पायांखाली फरसबंदी, मधोमध ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या. गाव तेराव्या शतकात वसले हे खरेच. पण ह्यांतली बहुतेक घरे दुसऱ्या महायुद्धानंतरची आहेत! हे कळताच आमच्याबरोबरचे एक गृहस्थ हिरमुसून म्हणाले, “म्हणजे सगळे नकलीच की हो!”

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साकरांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. तो मोडल्यावर जर्मनांनी उरलेसुरले शहर पद्धतशीरपणे, सुरुंग लावून पाडले. जुन्या गावाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग मातीला मिळाला.

पुढची हकीकत मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. युद्धापूर्वी तेथल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ह्या घरांची मापे घेऊन नकाशे काढले होते. अध्यापकांनी ते शहराबाहेर नेऊन एका मठात दडवले. घरे पडली, पण त्यांचे कागद राहिले! (अभ्यासक्रमापुरत्या केलेल्या कामाचे असे सोने झालेले मी तरी दुसरे ऐकलेले नाही.) दुसरा आधार चित्रांचा. अठराव्या शतकात बर्नार्दो बेलोट्टो ह्या इटालियन चित्रकाराने पोलंडच्या राजासाठी शहराचे देखावे बारकाईने रंगवले होते. राडारोड्यातून निवडलेल्या विटा आणि कोरीव दगड पुन्हा भिंतींत बसले. १९५३ साली चौक उभा राहिला; राजवाड्याला मात्र १९८४ साल उजाडले.

आता, बेलोट्टो कोठे कोठे कल्पनेची भर घालीत असे, आणि तीही काही ठिकाणी विटांत उतरली आहे. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्याला ह्याचे नवल वाटणार नाही. मूळ पोथी हरवली, तरी नकलांवरून संहिता सिद्ध होते. लेखकूची एखादी लहर तिच्यात राहून जाते. म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाही. युनेस्कोनेही १९८० साली हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घातले, ते ह्या पुनर्बांधणीसाठीच.

चौकात पिएरोगी अवश्य खावी. उकडलेली करंजीच ती, फक्त सारण बहुधा तिखटमिठाचे.

मग राजवाड्याकडे जावे. राजा झिग्मुंटचा १६४४ साली उभारलेला स्तंभ १९४४ मध्ये कोसळला. १९४९ साली नव्या खांबावर राजाचा पुतळा पुन्हा चढवला. पूर्वीच्या खांबांचे तुकडे मात्र राजवाड्याशेजारी तसेच ठेवले आहेत. आम्ही गेलो तेव्हा शाळेची मुले त्यांना टेकून डबा खात होती.