स्थलांतरितांविरुद्धच्या भेदभावाचे मापन

स्थलांतरितांविरुद्धच्या भेदभावाचे मापन म्हणजे एखाद्या प्रदेशातील सर्वसाधारण लोक बाहेरून आलेल्यांना घर, नोकरी, मजुरी, सेवा आणि शेजार या बाबतींत स्थानिकांपेक्षा वेगळी वागणूक देतात का, आणि देत असल्यास किती, हे पद्धतशीरपणे तपासणे होय. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या तिन्ही शाखांत हा विषय अभ्यासला जातो. स्थानिकांची मते, त्यांची प्रत्यक्ष कृती आणि स्थलांतरितांना आलेला अनुभव या तीन गोष्टी त्यात स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्हा या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पाठविणाऱ्या या जिल्ह्यात आता बाहेरून मजूर येतात.

संकल्पना

पूर्वग्रह हा मनातील कल असतो, तर भेदभाव ही कृती असते. केवळ स्थितीतील फरक म्हणजे भेदभाव नव्हे. स्थलांतरित कामगाराची मजुरी कमी असेल, तर त्याचे कारण शिक्षण, अनुभव किंवा भाषेचे ज्ञान यांतील फरक हेही असू शकते. इतर सर्व बाबतींत समान असलेल्या दोन व्यक्तींना केवळ मूळ ठिकाणामुळे निरनिराळी वागणूक मिळाली, तरच तो भेदभाव ठरतो. त्यामुळे समानांची समानांशी तुलना हा या मापनाचा गाभा आहे.

मुंबईत १९६० च्या दशकात ‘मार्मिक’ साप्ताहिकाने विविध कंपन्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या होत्या. स्थानिकांवर अन्याय होतो, हे त्यांतून दाखवायचे होते. अशा याद्यांवरून नोकऱ्यांतील प्रमाण कळते. मात्र त्या पदांसाठी कोणी अर्ज केले होते आणि अर्जदारांची पात्रता काय होती, हे कळत नसल्याने केवळ त्यांच्या आधारे भेदभाव सिद्ध किंवा असिद्ध करता येत नाही.

मापनाच्या पद्धती

मतांची पाहणी: अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी इ.स. १९२५ मध्ये सामाजिक अंतराची मोजपट्टी मांडली. विशिष्ट गटातील व्यक्ती नातेवाईक, मित्र, शेजारी किंवा सहकारी म्हणून चालेल का, असे उतरत्या जवळिकीचे प्रश्न तीत विचारले जातात. ही पद्धत सोपी व स्वस्त असली, तरी लोक अनेकदा समाजाला रुचेल असे उत्तर देतात.

अनुभवांची पाहणी: यात स्थलांतरितांनाच प्रश्न विचारले जातात. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २००८ मध्ये २७ सदस्य देशांतील सुमारे २३,५०० स्थलांतरित व अल्पसंख्याकांची अशी पाहणी केली. नाकारले गेल्याचे खरे कारण नाकारल्या गेलेल्या व्यक्तीला नेहमीच कळत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय.

प्रत्यक्ष चाचणी: यात नाव किंवा मूळ ठिकाण सोडून सर्व बाबतींत सारखे असलेले अर्ज मालकांकडे पाठवून कोणाला उत्तर येते ते पाहिले जाते. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांतील जात व धर्मावर आधारित भेदभाव या पद्धतीने तपासला. पुढे दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांबाबतही अशी चाचणी झाली.

मजुरीतील फरकाचे विभाजन: १९७३ मध्ये रोनाल्ड ओआक्साका आणि ॲलन ब्लाइंडर यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या या पद्धतीत दोन गटांच्या मजुरीतील फरकाचे दोन भाग केले जातात. एका भागाचे स्पष्टीकरण शिक्षण व अनुभव यांवरून मिळते. उरलेल्या भागाचे तसे मिळत नाही आणि त्यात भेदभावाचा अंश असू शकतो.

मत आणि कृती यांत किती अंतर असू शकते, हे रिचर्ड लापिएर यांच्या १९३४ मधील अभ्यासातून दिसते. ते एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत फिरले. २५१ हॉटेले व उपाहारगृहांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारला गेला. नंतर त्याच ठिकाणी पत्राने विचारणा केली असता, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी ग्राहकांना प्रवेश देणार नसल्याचे कळविले.

मुंबईतील अभ्यास

निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी मुंबईतील रहिवाशांच्या प्रातिनिधिक नमुन्यावर केलेला पाहणी-प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरोघरी समोरासमोर मुलाखती घेऊन, वेगवेगळी वैशिष्ट्ये असलेल्या काल्पनिक स्थलांतरितांविषयी लोकांची मते अजमावली गेली. मते बनताना आर्थिक हितसंबंध महत्त्वाचे ठरतात, असे त्यात आढळले. बहुसंख्य गटातील उत्तरदात्यांच्या मतांवर स्थलांतरिताच्या धर्म-समुदायाचा विशेष परिणाम दिसला नाही. अल्पसंख्य गटातील उत्तरदात्यांच्या बाबतीत मात्र आर्थिक चिंतेबरोबरच समुदायाचाही विचार प्रभावी होता.

रत्नागिरी जिल्हा

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ असून ती २००१ पेक्षा कमी झाली होती. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुषांच्या मुंबईकडील स्थलांतराशी या प्रमाणाचा जवळचा संबंध आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत रत्नागिरीकरांचा वाटा मोठा होता.

स्थलांतरित हा एकजिनसी गट नसतो, हेही गिरण्यांच्या इतिहासातून दिसते. अधिक मजुरी देणाऱ्या विणाई खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागत असल्याने ‘विटाळाचे’ कारण पुढे केले जाई. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला. एकाच जिल्ह्यातून आलेल्या दोन कामगारांचा अनुभव जातीनुसार भिन्न असू शकत होता. म्हणूनच सर्व स्थलांतरितांची एकच सरासरी काढल्यास असा भेदभाव झाकला जातो.

सध्या जिल्ह्यातील हापूसच्या बागांत राखणीसाठी आणि मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी कामगार मोठ्या संख्येने काम करतात. जांभ्या दगडाच्या चिरेखाणींवर कर्नाटकातील मजूर, तर खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगार आढळतात.

मापनातील अडचणी

पाहणीसाठी मतदार यादी किंवा शिधापत्रिकांची यादी आधाराला घेतल्यास हंगामी स्थलांतरित तीतून वगळले जातात. बागेतील खोपीत किंवा नौकेवर राहणारा कामगार घरोघरच्या पाहणीत सहसा सापडत नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना जून-जुलैमध्ये मासेमारीबंदी असते आणि आंब्याचा हंगामही तोवर संपलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात केलेल्या पाहणीत हे दोन्ही गट जवळजवळ दिसणार नाहीत.

मालकाच्या समोर घेतलेल्या मुलाखतीत कामगार मोकळेपणाने बोलेलच असे नाही. प्रश्नकर्त्याच्या भाषेचाही उत्तरांवर परिणाम होतो. पोलीस ठाण्यातील किंवा कामगार कार्यालयातील तक्रारींची संख्या हे भेदभावाचे विश्वासार्ह माप नाही. काम जाण्याच्या भीतीने तक्रारच केली गेली नसेल, तर आकडा कमी दिसतो. हक्कांविषयी जाणीव वाढल्यास तोच आकडा वाढतो.

कायदेशीर संदर्भ

भारतीय संविधानाच्या कलम १५ नुसार जन्मस्थानाच्या आधारे नागरिकांत भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई आहे. सरकारी नोकरीसंबंधीच्या कलम १६ मध्ये निवासस्थानाचाही उल्लेख आहे. कलम १९ नागरिकांना देशात कोठेही राहण्याचा हक्क देते. कलम १४ मधील कायद्यापुढील समानता मात्र नागरिक नसलेल्या व्यक्तींनाही लागू होते. नेपाळी नागरिकांच्या भारतातील वास्तव्याला १९५० च्या भारत–नेपाळ शांतता व मैत्री कराराचा आधार आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७९ मध्ये समान कामासाठी स्थानिकांइतक्याच मजुरीची तरतूद होती. समान काम करणाऱ्या स्थानिक व स्थलांतरित कामगारांच्या मजुरीची तुलना केल्याशिवाय अशा तरतुदीचे पालन तपासता येत नाही.

हेही पहा

स्थलांतर
सामाजिक अंतर
रत्नागिरी जिल्हा
मुंबईतील कापड गिरण्या
भूमिपुत्र