कर्ज, कागद आणि कायदा

बेंगळुरू : सूक्ष्म वित्तसंस्थांच्या वसुलीच्या जाचाला आळा घालणारा कर्नाटक सरकारचा अध्यादेश फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी प्रथम परत पाठवला. प्रामाणिक धनकोंचे काय आणि शिक्षा एवढी कठोर का, हे त्यांचे आक्षेप होते. १२ फेब्रुवारीला त्यांनी संमती दिली. नोंदणी नसलेल्या संस्थांनी दुर्बल घटकांना दिलेले कर्ज रद्दबातल ठरले. विधानसौधात रंगलेला हा वाद मराठी मुलुखाने दीडशे वर्षांपूर्वी अनुभवला आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, कर्जरोखे जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. रोष सावकारावर होता. मात्र त्याच्या हाती बळ दिले होते ते कायद्याने. पेशवाईतही सावकार होता, पण कुणब्याची जमीन बळकावणे त्याला सोपे नव्हते. रयतवारीने जमीन गहाण टाकण्याजोगी व विकण्याजोगी केली. सारा मात्र रोखीने आणि मुदतीत भरावा लागे. दिवाणी न्यायालये व्यवहार न तपासता कागद पाहून हुकूमनामे देत. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता, घडले उलटे. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. अमेरिकी यादवीच्या काळात कापूस तेजीत असताना कर्ज सहज मिळे. १८६५ मध्ये ती यादवी संपली, भाव कोसळले आणि फेरआकारणीने सारा वाढला, तेव्हा सावकाराने हात आखडला.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने न्यायाधीशाला कागदामागचा व्यवहार तपासण्याचा, व्याज छाटण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. न्या. रानडे यांनी पुढे विशेष न्यायाधीश म्हणून याच कायद्याचे काम पाहिले. सावकारांनीही पळवाट शोधली : गहाणखताऐवजी थेट खरेदीखत, आणि जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी. गरजू शेतकरी त्यावरही अंगठा उठवी, कारण पेरणी थांबत नाही.

सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ मध्ये, तब्बल २५ वर्षांनी. जाच थांबवणारा कायदा आणि पर्यायी पतपुरवठा यांत एवढे अंतर बेंगळुरूने पडू देऊ नये.